दीडशे व्होल्टवर थांबणं



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे साधा नियम असतो: नवं सॉफ्टवेअर आधी खोट्या डेटावर चालवून बघायचं, खऱ्या ग्राहकांवर नाही. जुन्या नोकरीत एकदा साहेब म्हणाले, "वेळ नाही, थेट चालव." मला पटलं नव्हतं, तरी चालवलं. काही लोकांच्या खात्यातून दोनदा पैसे कापले गेले. मी का ऐकलं?

हाच प्रश्न १९६१ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात तपासला. पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर वेळी जास्त. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. घामाघूम होत, थरथरत गेले. म्हणजे खरा त्रास झाला तो त्यांनाच.

पुढे नियम कडक झाले आणि असा प्रयोग पुन्हा करणं अशक्य वाटू लागलं. मग कॅलिफोर्नियातल्या जेरी बर्गर यांनी जुने आकडे नीट पाहिले. १५० व्होल्टला तो माणूस पहिल्यांदा "मला सोडा" म्हणून ओरडतो. त्यापुढे ३३ जण गेले आणि त्यातले २६ शेवटपर्यंत. म्हणजे खरा निर्णय बहुतेकांचा तिथेच होतो. मग बर्गर तिथेच थांबले. ज्यांना त्रास होईल असं वाटलं, त्यांना क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांनी आधीच वगळलं. 'कधीही उठून जा, पैसे तुमचेच' हे प्रत्येकाला तीनदा सांगितलं. प्रयोग संपताच खरं काय ते उघड केलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: ४० पैकी २८ जण पुढे जायला तयार होते.

लंडनमध्ये मेल स्लेटर यांनी २००६ मध्ये दुसरी वाट काढली. झटके कॉम्प्युटरवरच्या आभासी बाईला. ती खरी नाही हे सर्वांना माहीत होतं, तरी शरीरावर ताण दिसला.

यात काही गमावलंही. बर्गर यांनी ४५० व्होल्ट मोजलेच नाहीत, तिथे फक्त अंदाज आहे. हळव्या माणसांना वगळल्यामुळे निष्कर्ष सगळ्यांना लागू होतो असंही म्हणता येत नाही. माणसं जपायची तर एवढं सोडावं लागतं, आणि काय सोडलं ते अहवालात स्पष्ट लिहावं लागतं.

तुमच्यातलं कुणी मानसशास्त्र शिकत असेल, कुणी ॲप बनवत असेल. कुठे थांबायचं ते सुरुवातीलाच कागदावर लिहा. ऐन वेळी साहेब समोर उभे असतात, तेव्हा ते सुचत नाही. मला सुचलं नव्हतं.