मोरीतलें पाणी आणि कन्हानेचा कांठ

नागपुरांतील पुष्कळ घरांतून सकाळीं मोरीवाटे जें पाणी वाहून जातें, तें भांडेवाडी येथें शुद्ध होऊन कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांकडे नेलें जातें. आणि तेथें निर्माण झालेली वीज पुन्हां घरोघरीं येते. हें चक्र श्रोत्यांस विस्मयकारक वाटेल, परंतु तें आपोआप सुरू झालें नाहीं.

खापरखेड्याचें केंद्र १३४० मेगावॅटांचें. कोळसा जाळून वाफ करणाऱ्या अशा केंद्राची तहान मोठी, आणि ज्या पेंच जलाशयाचें पाणी नागपूर पितें, त्याच्यावरच तिचा भार. सांडपाणी वापरावें ही कल्पना सोपी. पण नुसत्या कल्पनेस कोणी पैसा देत नाहीं. डिसेंबर २००५ मध्यें केंद्र सरकारनें जवाहरलाल नेहरूंच्या नांवानें शहरांसाठीं जें अभियान काढलें, त्याची अटच अशी होती कीं, प्रथम शहराचा विकास-आराखडा, मग प्रत्येक कामाचा सविस्तर अहवाल, आणि त्यानंतर अनुदान. नागपूरच्या वर्गांतील शहरांस केंद्राकडून ५० व राज्याकडून २० टक्के मिळावयाचे. उरलेले ३० शहरानें उभे करावयाचे. विशेष हें कीं, अहवाल तयार करण्याच्या खर्चासहि साहाय्य मिळे. भांडेवाडीच्या योजनेस याच अभियानाचा हातभार लागला.

महापालिकेजवळ अभियंते असतात. कन्हानकांठच्या लहान गांवानें काय करावें? २०१९ सालच्या जलजीवन अभियानांत दर माणशीं दररोज ५५ लिटर हें माप ठरलें, आणि आराखडा गांवच्या पाणी-समितीनें करावयाचा. तींत निम्म्या स्त्रिया असाव्यात. नियम उत्तम आहे. मात्र आराखडा कचेरींत तयार व्हावा आणि समितीनें नुसती सही करावी, असें झालें कीं घोटाळा होतो. विहीर श्रावणांत मोजली तर ती भरलेलीच दिसणार! वैशाखांत उपसा करून पाणी पुन्हां किती तासांत चढतें हें पाहिल्याखेरीज मंजूर झालेली नळयोजना दुसऱ्याच उन्हाळ्यांत कोरडी पडावयाची. टाकी उभी राहते, आणि बायका हंडा घेऊन निघतात.

खापरखेड्याच्या परिसरांत तर पाणी किती एवढेंच पाहून भागत नाहीं. जुलै २०२२ मध्यें कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हां राखमिश्रित पाणी कोलार नदीवाटे कन्हानेपर्यंत पोंचलें. म्हणून या कांठच्या गांवानें अर्ज करतांना नळाआधीं तपासणी मागावी: भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून उद्भवाची पाहणी, आणि पाण्याचें रासायनिक परीक्षण, तेंहि एकदां उन्हाळ्यांत व एकदां पुरानंतर. अर्जासोबत विहिरींच्या तीन उन्हाळ्यांच्या पातळ्या लिहिलेली वही जोडली, तर ती बाजूस सारणें कोणत्याहि अधिकाऱ्यास जड जातें. अशी वही ठेवण्यास एक दोरी, एक दगड आणि सातवीच्या वर्गांतील दोन मुलें पुरतात.