रस्ता कोणाचा?

(कोल्हापूर येथील एका नागरी व्याख्यानाचा संपादित अंश)



रस्त्याच्या प्रश्नावर कोल्हापूर जितके पेटले, तितके महाराष्ट्रातील दुसरे शहर क्वचितच पेटले असेल. शहरातील सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांसाठी टोल द्यावा लागणार म्हटल्यावर पक्ष, पेठा, तालमी हे सारे भेद बाजूला पडले. प्रा. एन. डी. पाटलांसारखे डाव्या विचारांचे ज्येष्ठ नेते आणि भगव्या झेंड्याखालचे तरुण एकाच मागणीसाठी उभे ठाकले. जानेवारी 2014 मध्ये टोलनाके जाळले गेले. (त्या जाळपोळीचे समर्थन करण्याचे कारण नाही.) डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द करण्याची घोषणा सरकारला करावी लागली. रस्ता आमचा आहे, हे कोल्हापूरने सिद्ध केले. आता विचारावयाचे ते एवढेच, की या ‘आम्हां’मध्ये सायकलवरचा माणूस येतो की नाही?

कोण असतो हा माणूस? पहाटे किटल्या अडकवून शहरात येणारा दूधवाला, घरोघरी वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, उद्यमनगरात पहिल्या पाळीला निघालेला कामगार, शिकवणीला जाणारी मुलगी. रंकाळ्यावर व्यायामासाठी सायकल फिरविणारे आता पुष्कळ झाले, ते चांगलेच आहे. परंतु ज्याला सायकलवाचून दुसरे वाहनच नाही, त्याची गोष्ट निराळी. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. आणि आपल्याकडे अशा मृत्यूनंतर उच्चारला जाणारा शब्द ठरलेला आहे : ‘नशीब!’

येथे शिवछत्रपतींच्या एका पत्राची आठवण होते. चिपळूणच्या छावणीतील सैन्याच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले हे पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नका, जे हवे ते बाजारात विकत घ्या, हे तर त्यात आहेच. पण महाराज त्याही पुढे जातात. रात्री दिवा तसाच जळत ठेवू नका. एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, असे ते बजावतात. आग लावण्याचा हेतू कोणाचाच नसेल, तरीही जबाबदारी दिवा ठेवणाऱ्याचीच. ज्याच्या हाती बळ आहे, त्याने अनर्थ आधीच ओळखावयाचा असतो. मोटारीच्या चाकावर हात ठेवणाऱ्याला याहून वेगळा नियम लागू होत नाही.

तेव्हा अनर्थ कसा घडतो, ते नीट पाहिले पाहिजे. महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीत मोटार कडेला थांबते आणि चालक मागे न पाहता दार उघडतो. मागून येणारा सायकलस्वार त्या दारावर आदळतो, नाही तर चुकविण्याच्या नादात रहदारीत फेकला जातो. यावर नेदरलँड्समध्ये रुळलेली सवय अगदी सोपी आहे : दाराजवळच्या हाताने दार उघडू नये, दुसऱ्या हाताने उघडावे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून त्याने डावा हात वापरावा. शरीर आपोआप वळते आणि दृष्टी मागे जाते. दुसरा प्रकार डाव्या वळणाचा. ट्रक सायकलला मागे टाकतो आणि लगेच डावीकडे वळतो. त्याचे पुढचे टोक निघून जाते, मागची चाके सायकलस्वाराला कडेला दाबतात. तिसरा प्रकार वेगाचा. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्याचे अंतर चौपट होते. ताशी 30 किलोमीटर वेगाने थांबू शकणारी गाडी 60ला थांबत नाही, मग चालक कितीही कसलेला असो. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री रस्त्याने जातात आणि समोरून प्रखर दिवे डोळ्यांवर येतात. तेव्हा कडेचा सायकलस्वार दिसेनासा होतो. त्यानेही मागे परावर्तक लावावा, उलट दिशेने येऊ नये, हे खरेच. तथापि त्याच्या चुकीने मोटारवाल्याचा जीव सहसा जात नाही, हा फरक विसरता येत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. 2017च्या वाहनचालन नियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले आणि वृद्ध यांची विशेष काळजी घेणे हे चालकाचे कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. भारतीय न्याय संहितेने ती पाच वर्षांपर्यंत नेली. धडक देऊन पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे उपकलमही संहितेत आहे. पण मालवाहतूकदारांच्या विरोधानंतर, 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू करताना ते तेवढे बाजूला ठेवण्यात आले. जखमीला टाकून पळणाऱ्याविषयी इतकी सबुरी का दाखवावी, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

एक तरतूद मात्र सभागृहातील पालकांनी आज घरी जाऊन मुलांसमोर वाचावी. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 199-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25 हजार रुपये दंड. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुचाकीची किल्ली बक्षीस देणारी घरे या शहरात थोडी नाहीत.