भुलेतल्या मेंदूचा खर्च



ऑपरेशन ठरलं की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, "डॉक्टर, शुद्धीवर कधी येतील?" भूल म्हणजे गाढ झोप, अशी आपली समजूत असते. पण गाढ झोपेतही मेंदू राबतच असतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के, प्राणवायू मात्र २० टक्के लागतो. शिल्लक जवळजवळ काहीच नाही. हातावर पोट असलेल्या घरासारखं, आणायचं आणि खायचं.

मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीत साचलेला थर काढताना तिला चिमटा लावून रक्त अडवावं लागतं. चिमटा बसला की आम्हा भूलतज्ज्ञांची नजर ईईजीवर, म्हणजे मेंदूच्या विद्युत लाटांच्या आलेखावर, खिळते. एका बाजूच्या लाटा संथ, बसक्या होऊ लागल्या, की तिकडे रक्त पुरत नाही. मग सर्जन चिमट्याला वळसा देणारी नळी बसवतात.

एरवी १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. मिशेनफेल्डर आणि सहकाऱ्यांनी या शस्त्रक्रियांत ते मोजलं. १९८७ साली निष्कर्ष छापून आले. हॅलोथेन या औषधाच्या भुलेत पुरवठा १८ ते २० वर आला की लाटा बिघडत. आयसोफ्लुरेन हे दुसरं औषध दिलेलं असलं तर १० च्या आसपास येईपर्यंत तग धरत.

हे कशामुळे? मेंदूची निम्म्याहून जास्त ऊर्जा पेशींच्या आपसातल्या विद्युत संदेशांवर जाते. आयसोफ्लुरेन हा खर्च कापतं. उरलेली ऊर्जा पेशी नुसत्या जिवंत राहायला लागते. तिला औषध हात लावू शकत नाही. लाटा सपाट झाल्यावर औषध वाढवून काही मिळत नाही, उलट रक्तदाब कोसळतो, आणि चिमट्याच्या पलीकडे आडवाटेने पोचणारं थोडंफार रक्तही आटतं. म्हणून मी या औषधाला कवच म्हणणार नाही. त्याच अभ्यासात औषध बदलल्याने पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नव्हतं. त्या मिनिटांत मेंदूला खरा आधार असतो तो सांभाळलेल्या रक्तदाबाचा.

एवढ्यासाठीच ऑपरेशनआधी आम्ही खोदून खोदून विचारतो. रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली असेल, कधी हातातला कप अचानक गळून पडला असेल, बोलताना जीभ अडखळली असेल, ते पाच मिनिटांत बरं झालं असलं तरी भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.