प्रकाश गाळणारी काच

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर फ्लॅश उडवायला बंदी आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. जुन्या रंगांना अतिनील किरण आणि उष्णता दोन्ही मारक. हे दोन्ही अडवून नुसता उजेड सोडणारी काच घडते निर्वात भांड्यात. टायटॅनियम डायऑक्साइड आणि सिलिका यांचे थर काचेवर आलटून पालटून चढवतात. 550 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी सिलिकाचा पाव-तरंग थर, म्हणजे थरातल्या तरंगलांबीच्या पाव जाडीचा थर, भरतो जेमतेम 94 नॅनोमीटर!

एवढं बारीक मोजायचं कसं? शेजारी क्वार्ट्झचा स्फटिक ठेवतात. त्यावरही थर बसतो, वजन वाढतं, कंपनांची वारंवारता घसरते. पण स्फटिकाला कळतं फक्त वजन, थरातून प्रकाश कसा जातो ते नाही. म्हणून खुद्द काचेतूनच किरण सोडतात. मला हीच रीत जास्त पटते. थर वाढतो तसा पलीकडचा प्रकाश घटत किंवा वाढत जातो आणि पाव-तरंगाला उलट फिरतो. तिथेच झडप लावून थर थांबवायचा. मागच्या थरातली चूकही पुढचा थर बरीचशी सावरून घेतो. अडचण एकच: वळणापाशी प्रकाश बदलतो अगदी मंद, त्यामुळे नेमका क्षण हुकतो. आता तो क्षण संगणक हेरतो.