मूलपेशी-प्रत्यारोपण आणि टेस्टोस्टेरॉनची कमतरता
(चेंबूर येथील वार्षिक सभेत केलेले भाषण)



सरत्या वर्षी एक दांपत्य आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. पती पस्तिशीचे, टेस्टोस्टेरॉन कमी, मूल हवे होते. हाती एक पत्रक होते. मूलपेशींच्या इंजेक्शनाने पौरुष परत येते, असे त्यात छापले होते. दागिने मोडण्याची त्यांची तयारी होती. 'ही सोय आपल्याकडे का नाही?' असे त्यांनी विचारले. काही देणगीदारांचीही हीच पृच्छा आहे. तिचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मूलपेशींविषयी आमच्या मनात आदरच आहे. १९८३ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-प्रत्यारोपण केले. रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा लाभली. रक्तविकारांवरील हा उपचार आज सर्वमान्य आहे.

टेस्टोस्टेरॉनची गोष्ट निराळी. हे संप्रेरक वृषणांतील लायडिग पेशी निर्माण करतात. त्यांना आज्ञा मिळते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून. अशा पेशींच्या रोपणाने उंदरांमध्ये संप्रेरकाची पातळी वाढल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. मनुष्यात मात्र हा उपचार सुरक्षित व गुणकारी असल्याचे सिद्ध झालेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक रक्तविकार वगळता मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ यांनी तारुण्य परत यावे म्हणून वानरांच्या वृषणांचे काप पुरुषांच्या शरीरात बसविले होते. तो दावा पुढे टिकला नाही. आशेचा बाजार जुनाच आहे.

त्या गृहस्थांची तपासणी आम्ही पुन्हा, दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी केली, कारण ही पातळी सकाळी सर्वाधिक असते. प्रोलॅक्टिन वाढलेले आढळले. एमआरआयमध्ये पीयूषिकेत लहानशी गाठ दिसली. दोष वृषणांत नव्हताच. तेथे कितीही पेशी सोडल्या असत्या तरी आज्ञाच पोहोचली नसती. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने दिली असती, तर शुक्रजंतूंची निर्मिती आणखी मंदावली असती. आठवड्यातून दोनदा घ्यावयाच्या गोळ्यांनी पातळी हळूहळू वाढू लागली आहे. अपत्यप्राप्तीचे आश्वासन आम्ही दिलेले नाही. ते आमच्या हाती नाही.

देणगीदारहो, आपल्या दानातून मूलपेशींचे दालन उभारण्यास आम्ही नम्रपणे नकार दिला आहे. त्याऐवजी गरजू रुग्णांच्या संप्रेरक-तपासण्यांसाठी साहाय्य द्यावे, ही विनंती. आप्तजनांनो, कोणी असा उपचार सुचविल्यास 'ही नोंदणीकृत चाचणी आहे काय, आणि असल्यास पैसे कशाचे?' एवढे अवश्य विचारा. या विषयावर बोलण्याचा संकोच घरात राहिला, तर पत्रकेच आपले वैद्य होतील.