पस्तीस हे उत्तर कुणाचे?



५२ मधून २७ गेले किती? एखादे मूल ३५ लिहिते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. तेवढ्यावरून त्या मुलाबद्दल काही ठरवणे अन्यायाचे होईल. त्याचे लक्ष उडाले असेल. पण शाळेतल्या निम्म्या मुलांनी ३५ च लिहिले, तर दशक सुटा करायला शिकवणे कुठेतरी राहून गेले आहे. गटाची उत्तरे एकत्र वाचायची ती यासाठी.

शिकागो विद्यापीठाचे डॅरेल बॉक आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट मिस्लेव्ही यांनी १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील शालेय चाचण्यांसाठी हा विचार गणितात बांधला. एका कौशल्यावर एका मुलाला फार तर एक प्रश्न, आणि वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळे. प्रत्येक मुलाचे मोजमाप न करता थेट शाळेचे त्या कौशल्यातले बळ काढायचे. मुलावर भार थोडा, अभ्यासक्रम मात्र बराचसा तपासून होतो.

आधी एकेका मुलाची क्षमता अंदाजायची आणि मग सरासरी काढायची, ही आपली सवय. प्रश्न थोडे असले की सांख्यिकीतल्या बेझच्या रीतीचा अंदाज सर्वांना मधल्या पातळीकडे ओढतो. फार मागे पडलेली मुले मग तितकी मागे दिसतच नाहीत. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, तीच अहवालातून निसटतात! म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक सर्वेक्षणाने प्रत्येक मुलासाठी एका आकड्याऐवजी अनेक संभाव्य आकडे घेण्याची रीत धरली. पुढे ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीनेही तीच स्वीकारली. त्या आकड्यांवरून गटाबद्दल बोलायचे, मुलाचे प्रगतिपुस्तक भरायचे नाही.

आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीची सुमारे २२ लाख मुले बसली. नमुना जिल्ह्याचे चित्र कळावे म्हणून घेतलेला होता. त्यावरून एखाद्या बाईंना किंवा गुरुजींना जाब विचारणे शास्त्राला धरून नाही, हे या सभागृहातून स्पष्टपणे सांगितले जावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

उतरण्या-जेवणाच्या व्यवस्थेत काही उणे राहिल्यास कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. दुपारच्या सत्रात प्रत्येक टेबलावर शिक्षक आणि सांख्यिकीतज्ज्ञ शेजारी-शेजारी बसतील, अशी आसने मांडली आहेत. कृपया ती बदलू नयेत. अध्यक्षांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.