भेग भूकंपाची, की हाताची?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात जमीन हादरू लागली. धुंदलवाडीकडची माणसं थंडीत घराबाहेर झोपली, ते आपण विसरलेलो नाही. पण त्या धक्क्यांनी काही जणांची सोयही झाली. कुठल्याही भिंतीला भेग दिसली की उत्तर तयार: "साहेब, भूकंप!"

त्याच वर्षी आपण वॉचमनची खोली बांधली होती. बीमच्या खाली आडवी भेग पडली, गिलाव्यावर बारीक जाळं उठलं. ठेकेदारानं भूकंपाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच गवंड्यानं मला बाजूला घेतलं. "काका, ही भूकंपाची नाय. भिंत एका दिवसात बीमपर्यंत चढवली, बसायला वेळच दिला नाय. गिलाव्याला पाणीपण दोनच दिवस मारलं."

भूकंपाची भेग बहुधा दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाते. ही सरळ होती. वरचा थर काढून पुन्हा भरला, गिलावा केला, सात दिवस पाणी मारलं. खर्च किरकोळ आला. तो गप्प राहिला असता तर आपण लांबी भरून रंग दिला असता. बीमपासून सुटलेली भिंत पुढच्या धक्क्यात पडू शकते, आणि त्या खोलीत माणूस झोपतो.

बँकेत लेजरमध्ये चूक झाली तर खोडरबर चालत नसे. एक रेघ मारायची, बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही करायची. अशा पानावर तपासनीस विश्वास ठेवत. खाडाखोडीच्या पानावर नाही. गिलावा हा बांधकामातला खोडरबर आहे, मंडळी!

रेरा कायद्यानुसार ताब्यानंतर ५ वर्षांत कारागिरीचा दोष दाखवून दिला, तर विकासकानं तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. पण गिलाव्यामागचा दोष आधी कळतो तो गवंड्याला. तो रोजंदारीवरचा. खरं बोलल्यावर आपण आरडाओरडा केला, रोज कापला, तर पुढच्या वेळी तो मुकाट्यानं लिंपून टाकेल.

पावसाळ्यानंतर आपल्या कॉलमची दुरुस्ती निघणार आहे. माझं म्हणणं एवढंच: करारात दोन ओळी घाला. गिलाव्याआधी कमिटीला काम दाखवायचं. आणि चूक स्वतःहून सांगणाऱ्या कामगाराचा रोज कापायचा नाही, सामानाचा खर्च ठेकेदारानं सोसायचा.

त्या गवंड्याला आपण आजही प्रत्येक कामाला बोलावतो. त्याचं कारण नव्या रहिवाशांना माहीत असावं, म्हणून हे बोललो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!